चंदेरी पत्रा आणि आतली ओल

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जॅक्सन सेंटर नावाचं एक गाव आहे. चारी बाजूंना मका आणि सोयाबीन, मधे एक मुख्य रस्ता आणि वस्ती जेमतेम दीड हजाराची. १९५२ पासून एअरस्ट्रीमचे ट्रेलर इथे बनतात. गाडीच्या मागे जोडून न्यायचं हे चंदेरी, गोलसर टोकांचं घर अमेरिकी सिनेमांत आणि जाहिरातींत इतकं दिसतं, की ते कुणी हाताने बनवत असेल हे पटकन डोक्यात येत नाही. प्रत्यक्षात कारखान्यात सगळ्यात आधी कानावर येतो तो रिव्हेट ठोकल्याचा आवाज. एकजण बाहेर रिव्हेट गन लावून उभा, दुसरा आतून पत्र्याला लोखंडी ठोकळा टेकवून बसलेला. मधे ॲल्युमिनियम असल्यामुळे दोघे एकमेकांना दिसत नाहीत. बाहेरच्याने ट्रिगर दाबला की आतल्याच्या ठोकळ्यावर रिव्हेटचं शेपूट चेपतं आणि दोन पत्रे आवळले जातात. ठोकळा जरा तिरका धरला गेला तर ते रिव्हेट ड्रिलने काढून पुन्हा बसवायचं. एका ट्रेलरला अशी हजारो रिव्हेट लागतात.

ही विमानं बांधायची रीत, आणि ती आली विमानवाल्याकडूनच. हॉली बोलस हा ग्लायडरचा माणूस. लिंडबर्गने ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला त्याच्या बांधणीवर देखरेख करणारा. त्याने १९३४ मध्ये रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमचा ‘रोड चीफ’ हा ट्रेलर काढला. दिसायला देखणा, पण दार पुढच्या बाजूला, म्हणजे नेमकं जोडाच्या दांडीवर. घरात शिरायचं तर आधी दांडी ओलांडायची! बोलसचा धंदा बुडाला. त्याचे ट्रेलर विकणाऱ्या वॉली बायमने ती कल्पना उचलली, दार बाजूला घेतलं आणि १९३६ मध्ये ‘क्लिपर’ बाजारात आणला.

बायम मूळचा ओरेगनचा, जन्म १८९६चा. पोरवयात मेंढ्या राखायला जायचा तेव्हा चाकांवरच्या खोपटात राहायचा. मोठेपणी वकिलीचं शिक्षण, मग जाहिरात, मग मासिकं काढणं असं करत तो ट्रेलरकडे वळला. सुरुवातीला स्वतः ट्रेलर बांधण्याचे आराखडे एक-एक डॉलरला विकले, १९३१ मध्ये कॅलिफोर्नियात कारखाना टाकला. महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळवलं गेलं आणि कारखाना बंद पडला, तेव्हा हा स्वतः विमानांच्या कारखान्यात कामाला गेला. माझ्या मते बायमचा खरा पिंड जाहिरातवाल्याचा. ट्रेलर किती हलका आहे हे दाखवायला त्याने १९४७ मध्ये आल्फ्रेड लेतूर्नर या फ्रेंच सायकलपटूला सायकलने ट्रेलर ओढायला लावला आणि फोटो काढला. तो फोटो म्हणजे कंपनीची ओळखच झाली. सपाट रस्त्यावर बेअरिंग चांगली असतील तर ट्रेलर सुरू करणं कठीण नाही, थांबवणं कठीण, ही गोष्ट त्या फोटोत अर्थातच दिसत नाही.

पुढे त्याने मालकांचे तांडेच काढले. १९५९ मध्ये केपटाऊनहून निघालेला तांडा आफ्रिका उभी ओलांडून कैरोला पोचला. बायम १९६२ मध्ये गेला, तरी १९६३-६४ मध्ये जगप्रवासाचा तांडा सिंगापूरहून निघाला आणि आपल्या भारतातून, अफगाणिस्तानातून जात पोर्तुगालपर्यंत पोचला. त्या काळचे आपले रस्ते आठवणाऱ्यांनी कल्पना करावी. बैलगाड्या, सायकली, रेल्वेची बंद फाटकं, आणि त्यातून चाललेली ही चकचकीत अमेरिकी वरात.

सगळ्यात अजब एअरस्ट्रीम मात्र चाकं नसलेला होता. जुलै १९६९ मध्ये चंद्रमोहिमेवरून परतलेल्या तिघा अंतराळवीरांनी तिकडचे जंतू आणले असतील तर काय, या धास्तीने नासाने त्यांना ‘हॉर्नेट’ या जहाजावर एका बदललेल्या ट्रेलरमध्ये कोंडलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन बाहेर उभे राहून खिडकीच्या काचेतून त्यांच्याशी बोलले. आतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा मुद्दाम कमी ठेवला होता, म्हणजे कुठे फट राहिलीच तर हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. फट राहणारच हे गृहीत धरून केलेली ही आखणी मला फार शहाणपणाची वाटते. ट्रेलर पाळणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या याच गृहीतकावर यावं लागतं, फक्त त्याच्या फटीतून येतं ते पाणी.

पण पाण्याआधी वजन, कारण जीव जातो तो वजनाच्या चुकीने.

बैलगाडीत मागे जास्त माल भरला तर गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलतं; पुढे जास्त भरला तर धुरेजड होऊन बैलांची मान मोडते. ट्रेलरचं गणित हेच, फक्त बैलांच्या जागी ताशी शंभर किलोमीटरने धावणारी गाडी. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार जोडाच्या गोळ्यावर पडायला हवा. ट्रेलर सत्तावीसशे किलोचा असेल तर दोनशे सत्तर ते चारशे किलो. तो कमी पडला तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. बाजूने एखादा अठराचाकी ट्रक गेला, त्याच्या हवेने ट्रेलर जरासा ढकलला गेला, की एक हेलकावा बसतो. भार नीट असेल तर तो तिथेच विरतो. नसेल तर दुसरा हेलकावा पहिल्यापेक्षा मोठा, तिसरा त्याहून मोठा, आणि मग ट्रेलर गाडीलाच फिरवून आडवं करतो. अशा वेळी माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि गाडीचा ब्रेक जोरात दाबणं हीच घोडचूक. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे मागचा डबा पुढच्या गाडीला मागे ओढून सरळ करतो. ही कळ कुठे आहे ते अंधारात चाचपून सापडलं पाहिजे.

लोक गाडी घेताना ‘ओढण्याची क्षमता’ बघतात. तो आकडा जाहिरातीत ठळक असतो. आधी संपते ती वेगळीच गोष्ट. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल ते छापलेलं असतं. जोडावरचा भार याच हिशेबात धरायचा. चार माणसं, कुत्रा, सायकली, बर्फाची पेटी आणि वर जोडाचे साडेतीनशे किलो, म्हणजे भलीमोठी दिसणारी गाडीसुद्धा कागदावर भरून जाते. मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. त्यासाठी भार वाटणारा हिच मिळतो. त्याच्या पोलादी स्प्रिंगदांड्या ताणून अडकवल्या की थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या ॲक्सलवर परत जातो. पण क्षमता त्यानेही वाढत नाही. अंदाजपंचे बोलण्यापेक्षा ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी घालावी, तिथे चाकांच्या जोडीगणिक वजन छापून मिळतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातला एअरस्ट्रीम आहे. ते ट्रेलर जोडत असताना कुणी गप्पा मारलेल्या त्यांना खपत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. दांडीच्या टोकाचा कपलर गोळ्यावर उतरवायचा, कडी लावायची, पिन घालायची. मग जॅकने दांडी थोडी वर उचलायची. गाडीचा मागचा भाग बरोबर उचलला गेला तर कडी खरंच बसली, नाहीतर नुसतीच बसल्यासारखी दिसत होती. साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या अडकवायच्या, म्हणजे जोड निसटलाच तर दांडी रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडेल. त्याशिवाय एक बारीक तार गाडीला लावायची. ट्रेलर सुटला तर ती ट्रेलरवरच्या ब्रेकच्या स्विचची पिन उपटते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लावून घेतो. शेवटी सात पिनांचा प्लग, दिवे, ब्रेक. चाकांखालच्या अडण्या सगळ्यात शेवटी काढायच्या. सोडताना त्याच अडण्या सगळ्यात आधी लावायच्या. उतारावर हा क्रम चुकला तर घर आपल्या वाटेने निघून जातं.

रिव्हर्सचं फार कौतुक करण्याचं कारण नाही. स्टिअरिंग खालून धरावं आणि ट्रेलरचं शेपूट जिकडे न्यायचं तिकडे हात न्यावा, एवढंच तंत्र. मात्र कॅम्पग्राउंडमध्ये संध्याकाळी नवरा-बायको ट्रेलर मागे घेत असतात तेव्हा आजूबाजूचे लोक खुर्च्या टाकून बघत बसतात. भाषा कुठलीही असो, संवाद ओळखीचेच असतात.

आता पाणी. छपरावर हवेची झडपं, एसी, अँटेना, सांडपाण्याच्या नळ्यांची तोंडं असतात. म्हणजे तितकी भोकं, आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंटचा लेप. उन्हाने तो कडक होतो, थंडीत आकसतो, रस्त्याच्या हादऱ्यांनी कडेने सुटतो. केसाएवढी चीर पुरते. पाणी जिथे शिरतं तिथे दिसत नाही; सांगाड्यावरून, दोन पत्र्यांच्या मधून वाट काढत लांब कुठेतरी कोपऱ्यात उतरतं. डाग दिसेपर्यंत आत कुजायला सुरुवात झालेली असते. बाजारातले बहुतेक स्वस्त पांढरे ट्रेलर लाकडी चौकटीवर फायबरग्लास चिकटवून केलेले असतात. त्यांच्यात पाणी शिरलं की भिंतीला फुगवटा येतो, आणि तो दुरुस्त करण्याच्या खर्चात दुसरा जुना ट्रेलर येतो.

एअरस्ट्रीमचं कातडं कुजत नाही. खराब झालेला पत्रा रिव्हेट काढून बदलता येतो. आतून ठोकळा धरायला जागा नसेल तर बाहेरूनच ओढून बसवायची रिव्हेट मिळतात, त्यांचं डोकं छाटून घासलं की मूळच्या शेजारी ओळखू येत नाहीत. आतलं फर्निचर दारातून आत गेलेलं असतं, त्यामुळे दारातून बाहेरही येतं. पण या सगळ्याच्या खाली कित्येक दशकं होतं ते प्लायवूड. मागच्या बंपरपाशी पाणी झिरपायचं, प्लायवूडची कड भुसभुशीत व्हायची आणि कवच सांगाड्यापासून सुटायचं. जुन्या, विशेषतः सत्तरच्या दशकातल्या ट्रेलरांचं हे प्रसिद्ध दुखणं. मालक मंडळी मात्र आरशासारखं पॉलिश करण्यात सुट्ट्याच्या सुट्ट्या घालवतात. त्यात आनंद असेल, देखभाल नाही. खरी देखभाल म्हणजे वर्षातून दोनदा शिडी लावून छपरावरच्या प्रत्येक जोडावरून बोट फिरवणं.

उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्याआधी नळांतलं सगळं पाणी काढून गुलाबी रंगाचं, बिनविषारी अँटिफ्रीझ भरतात. गीझर आधी बायपास करायचा, नाहीतर ते महागडं पाणी उगीच त्याच्या पोटात जातं. आणि संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह कॅम्पमध्ये बंदच ठेवायचा, टाकी बरीच भरली की एकदम सोडायचा, त्यानंतर न्हाणीचं पाणी सोडून पाइप धुऊन काढायचा. व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर पातळ तेवढं वाहून जातं आणि बाकीचं टाकीतच साचून राहतं. याहून जास्त तपशील जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी नको.

चाकांची गोष्ट सोपी, पण लोक तीच विसरतात. ट्रेलरला इंजिन नाही, म्हणून मेकॅनिककडे न्यायची वेळच येत नाही. सर्वसाधारण बेअरिंगं वर्षाकाठी उघडून, जुनं ग्रीस पुसून, नवं तळहातावर घेऊन दाबून दाबून भरायची. निळसर झाक दिसली तर बेअरिंग तापलं आहे, बदलायचं. चाक काढून बसवल्यावर पन्नास-शंभर मैलांनी नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे. टायर झिजण्याआधी वयाने मरतात. उन्हात उभ्या ट्रेलरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि टायर सहा वर्षांचा असतो. तो हायवेवर फुटला की त्याच्या पट्ट्या चाबकासारख्या बसून वरचा पत्रा फाडतात.

जुना एअरस्ट्रीम कुणी विकायला काढला असेल तर चकाकी बाजूला ठेवून तीन गोष्टी बघाव्यात. मागच्या बंपरवर उभं राहून अंग हलवायचं आणि दुसऱ्याला कवचाच्या कडेकडे बघायला सांगायचं. बंपर खाली जातो आणि कवच तिथेच राहतं, तर मागचा जोड सुटला आहे. स्क्रू ड्रायव्हर घेऊन कपाटांच्या आतल्या कोपऱ्यांत जमीन टोचायची. मग गुडघ्यावर बसून ॲक्सल बघायचा. १९६० च्या दशकापासून एअरस्ट्रीमच्या ॲक्सलमध्ये स्प्रिंगऐवजी रबराच्या कांड्या असतात, आणि वीस-तीस वर्षांत ते रबर मरतं. चाकाचा दांडा खालच्या बाजूला कललेला असेल तर ठीक, आडवा होऊन वर वळला असेल तर रबर संपलं. तसा ट्रेलर नेताना प्रत्येक खड्डा थेट रिव्हेटांना बसतो. नवे ॲक्सल मापाने बनवून मिळतात आणि बोल्टवर बसतात, तेव्हा त्यावरून सौदा मोडायचं कारण नाही. किमतीतून तेवढे पैसे वजा करायला सांगावे. जमीन मात्र मागच्या कोपऱ्यांच्याही पुढे भुसभुशीत लागली, तर ती बदलायला अख्खं कवच सांगाड्यावरून उचलावं लागतं. मालक दार उघडून आतला मूळ स्वयंपाकघराचा ओटा कितीही कौतुकाने दाखवत असला, तरी आपण आधी हे उचलायचं काम कोण करणार आणि कुठे करणार ते ठरवावं.