खेळणाऱ्याचा माग

ताडोबाच्या अरण्यांत वाघ प्रत्येक वेळीं दृष्टीस पडतोच असें नाहीं. तरी ओल्या वाटेवरील पावलांवरून तो कोणीकडून आला व कोणीकडे गेला, हें जाणता वनरक्षक सांगूं शकतो. मोबाईलवर खेळणारा आमचा विद्यार्थीहि असाच माग सोडीत असतो. मात्र त्यास त्याची वार्ता नसते. हा माग कोण वाचतो व कशाकरितां, हें बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असा आमचा हेतु आहे.

खेळ केव्हां सुरू केला, कोठें हरला, कितव्या डावानंतर बंद केला, अशा बारीकसारीक गोष्टी इंटरनेटद्वारें खेळ रचणाऱ्यांच्या संगणकांत नोंदल्या जातात. समजा, १००० मुलांनीं खेळ आरंभिला. पहिली पायरी ९५० जणांनीं ओलांडली, दुसरी ९०० जणांनीं, आणि तिसरी केवळ ४०० जणांनीं. दोष तिसऱ्या पायरींत शोधावा, हें उघड आहे. शिक्षकांस यांत नवल वाटूं नये. एकाच गणितावर सारा वर्ग अडखळला, तर आधीं गणिताची भाषाच तपासावी लागते. मग रचणारे त्या पायरीचे दोन नमुने करितात, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें खेळाडूंत ते वांटून देतात, व ज्यांत गळती कमी तो ठेवितात.

परंतु आंकडा कोठें अडलें तें सांगतो, कां अडलें तें सांगत नाहीं. २००७ सालीं निघालेल्या ‘हेलो ३’ या खेळासाठीं अमेरिकेंतील मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेंत सुमारें ६०० सामान्य खेळाडूंचा ३००० तासांहून अधिक खेळ तपासण्यांत आला. एका प्रसंगांत खेळाडूंच्या गोळ्या वारंवार संपत. प्रत्यक्ष खेळ पाहतां उलगडा झाला कीं, शत्रु टप्प्यांत नसतांच ते गोळ्या झाडीत होते. तेव्हां शत्रु टप्प्यांत आल्यावरच नेमाची खूण तांबडी व्हावी, अशी योजना केली. उपदेशाचा एक शब्दहि न उच्चारतां दिलेलें हें शिक्षण आम्हांस फार आवडलें.

आपल्याकडे नव्या मुंबईच्या गेमेशन कंपनीनें २०१६ सालीं काढलेला ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदींत घरोघर पोंचला, व त्याच वर्षीं खेळतां खेळतां परस्परांशीं बोलण्याची सोय त्यांत आली. संगणकी लुडोंत फांसा मुद्दाम उलट पडतो, असें मुलें म्हणतात. त्याचाहि निवाडा नोंदींनींच होऊं शकेल: लाखों फांशांत सहाही अंक जवळजवळ सारखेच पडावयास हवेत. दहा-वीस फांशांवरून रडीचा आरोप करूं नये!

मात्र हीच वही दुसऱ्या हेतूनेंहि वाचतां येते. मूल कोणत्या क्षणीं कंटाळतें, हें कळलें म्हणजे त्याच क्षणीं बक्षीस पुढें करून त्यास आणखी अर्धा तास बसवितां येतें. कोठें अडल्यावर तें पैसे मागावयास धांवतें, हेंहि ताडतां येतें. खेळ सुधारणें निराळें, आणि खेळाडूस जखडणें निराळें. या दृष्टीनें २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्याचें कलम ९ पालकांनीं अवश्य समजून घ्यावें. १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वीं पालकांची पडताळून पाहतां येईल अशी संमति घ्यावी, व मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवूं नये, असें तें सांगतें. पण चिमुरांत पुष्कळ घरीं मोबाईल वडिलांच्या नांवें असतो. खेळतें मूल, आणि वहींत नोंद होते ती प्रौढाची.