तेरीज आणि रिकामा चौकोन

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात कादंबरीवर चर्चासत्र होतं. माझ्या पहिल्या कादंबरीवर एक तरुण प्राध्यापिका निबंध वाचणार होत्या, म्हणून मलाही आमंत्रण होतं. ही कादंबरी मी माझ्या वडिलांवर लिहिलेली. कोकणातलं गाव सोडून मुंबईला आलेला, गिरणीच्या हपिसात कारकुनी करत म्हातारा झालेला माणूस. निबंधात वडील नव्हते, मी नव्हतो, गिरणगावही नव्हतं. फळ्यावर सात चौकोनांचा तक्ता होता : नायक, खलनायक, दाता, साहाय्यक, राजकन्या, पाठवणारा आणि तोतया नायक. वडील पहिल्या चौकोनात. ज्या आत्येच्या खोलीवर ते उतरले, ती 'दाता'च्या चौकोनात.

चहाच्या सुटीत मी म्हणालो, "मॅडम, माझ्या बापाला तुम्ही परीकथेतला राजपुत्र करून टाकलंत."

त्या शांतपणे म्हणाल्या, "वडिलांना नाही, सर. कादंबरीतल्या एका पात्राला."

राग आला, पण उत्तर सुचेना. मग घरी येऊन हा संरचनावाद म्हणजे आहे तरी काय, ते वाचायला बसलो.

त्याचा मूळपुरुष फर्दिनां द सोस्यूर हा जिनिव्हाचा आणि संस्कृतचा जाणकार. लाइपझिग विद्यापीठाला त्याने १८८० साली सादर केलेला प्रबंध संस्कृतमधल्या सत्षष्ठीवर होता. पुढे १९०७ ते १९११ या काळात त्याने सामान्य भाषाविज्ञानावर तीन वेळा व्याख्यानमाला दिली, पण पुस्तक लिहिलं नाही. १९१३ मध्ये तो वारला. बाली आणि सेशे या त्याच्या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून १९१६ मध्ये पुस्तक सिद्ध केलं. ज्या विचाराने पुढे लेखकाला खुर्चीवरून उठवलं, त्याचा मूळग्रंथही त्याच्या लेखकाने लिहिलेला नाही, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या ग्रंथात पाच फ्रँकच्या नाण्याचा दाखला आहे. नाण्याचं मोल कसं ठरतं? एक, त्याच्या बदल्यात पाव किती मिळतो यावरून. आणि दोन, एक फ्रँकच्या नाण्याशी त्याचं नातं काय यावरून. तीसएक वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नोटेच्या कागदाची किंमत ती काय! किंमत असते ती व्यवस्थेतल्या तिच्या जागेची. शब्दाचंही तेच. हिंदीतला 'कल' मागचा दिवसही सांगतो आणि पुढचाही. मराठीत शेजारी 'उद्या' ठाण मांडून बसलेला आहे, म्हणून आपल्या 'काल'ला फक्त मागचा दिवस मिळतो. अर्थ शब्दाच्या पोटात नसतो, शेजाऱ्यांपासूनच्या त्याच्या वेगळेपणात असतो. सोस्यूरचं सगळ्यात मोठं म्हणणं हेच.

फळ्यावरचा तक्ता मात्र व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाचा. अफनासिएवच्या संग्रहातल्या शंभर परीकथा त्याने तपासल्या आणि १९२८ मध्ये निष्कर्ष मांडला : पात्रं बदलतात, त्यांची कार्यं बदलत नाहीत. अशी कार्यं ३१ आणि ती करणाऱ्या भूमिका सात. प्रत्येक कथेत सगळी कार्यं नसतात. पण जी असतात त्यांचा क्रम तोच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्लोद लेव्ही-स्ट्रॉस हा फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ आणि रोमान याकबसन हा रशियन भाषाशास्त्रज्ञ असे दोन निर्वासित न्यूयॉर्कमध्ये भेटले. ध्वनींच्या अभ्यासाची याकबसनची पद्धत लेव्ही-स्ट्रॉसने आधी नात्यागोत्यांना लावली, मग मिथकांना. १९५५ मधल्या निबंधात त्याने ईडिपसची कथा घेतली. कथा सांगताना आपण ती रोजकीर्दीसारखी सांगतो, आधी हे घडलं, मग ते. लेव्ही-स्ट्रॉसने तिची खतावणी केली. रक्ताच्या नात्याला अवाजवी मान देणाऱ्या घटना एका रकान्यात, त्या नात्याचा घात करणाऱ्या दुसऱ्यात, असे चार रकाने मांडले आणि रकान्यांचे परस्परसंबंध हाच मिथकाचा अर्थ, असं म्हटलं. रोजकीर्दीवरून घराण्याची स्थिती कळत नाही, ती खतावणीवरून कळते, हे कुठल्याही मुनीमजींना पटेल.

मग आला रोलां बार्थ. 'लेखकाचा मृत्यू' हा त्याचा निबंध १९६७ चा. लिखाणाचा अर्थ लेखकाच्या चरित्रात शोधू नका, अनेक ठिकाणांहून आलेले धागे वाचकापाशी एकत्र होतात, हा त्याचा मथितार्थ. १९७० मध्ये त्याने बाल्झाकच्या एका कथेचे ५६१ तुकडे केले आणि पाच संकेतांच्या आधारे वाचून दाखवले. तोवर तो स्वतःच संरचनावादाची वेस ओलांडून चालला होता.

आक्षेप अर्थातच होते. याकबसन आणि लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ मध्ये बोदलेअरच्या मांजरांवरच्या सुनीताची नखशिखान्त चिरफाड केली. चारच वर्षांनी मायकेल रिफातेरने विचारलं, यातलं किती वाचकाला जाणवतं? प्रश्न रास्त आहे. बँकेतला माणूस त्यात भर घालील. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असं नाही. एखादी नोंद दोन्ही बाजूंना करायची राहून गेली, तर तेरीज बिनबोभाट जुळते.

इथे मी थबकलो. त्या तक्त्यात 'पाठवणारा' हा चौकोन रिकामा होता. मॅडमनी तिथे आडवी रेघ मारली होती आणि प्रॉपच्या नियमाला ते चालतं, म्हणून पुढे गेल्या होत्या. पण वडिलांना कुणीतरी पाठवलंच होतं. माझ्या आजीने. पाटल्या विकून तिने त्यांना हर्णैच्या बंदरात बोटीत बसवलं. तिच्या शेवटच्या आजारात वडील वेळेवर पोचू शकले नाहीत. त्यानंतर घरात त्यांनी तिचं नाव कधी काढलं नाही. मी कादंबरी लिहिली ती त्यांच्या त्या मौनासकट, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. एका शब्दाने आजी कुठे नाही.

म्हणजे बार्थ अर्धा खरा. मी काय लिहिलंय ते मला ठाऊक नव्हतं, ते तक्त्याने दाखवलं. पण त्या चौकोनात कोण बसायला हवं होतं, ते तक्ता सांगू शकत नव्हता.

मी मॅडमना पत्र लिहून हे कळवलं. उत्तर आलं : "सर, ही माहिती संहितेबाहेरची आहे. तरी कळवलीत, बरं वाटलं. आजींचं नाव काय?"

दुसऱ्या आवृत्तीत आजीला घालावं, असं प्रकाशकांनी सुचवलं. मी नको म्हटलं. मागच्या तारखेने नोंद करायची नसते, हे अंगात मुरलेलं. नवी नोंद नव्या पानावर, आजच्या तारखेने. ते पान सध्या लिहितो आहे. मॅडमना तिचं नाव मात्र लगेच कळवलं.