वूक म्हणजे लांडगा

पोरं जगत नसली की पुढच्या बाळाचं नाव दगडू नाहीतर धोंडू ठेवायचं, ही रीत आपल्याकडच्या आजी-पणजींना चांगली ठाऊक होती. दृष्ट लागू नये म्हणून ओबडधोबड नाव. तिकडे युरोपात, सर्बिया देशातल्या आयांनी याच धास्तीनं मुलाला नाव दिलं ‘वूक’. त्यांच्या भाषेत वूक म्हणजे लांडगा. लहान मुलांना चेटकिणी खातात, पण लांडग्याच्या वाटेला त्या जायच्या नाहीत, अशी समजूत.

असाच एक वूक १७८७ साली तिथल्या एका खेड्यात जन्मला. आधीची भावंडं दगावलेली. हा जगला, मोठेपणी वूक काराजिच नावाचा विद्वान झाला. बायकांची गाणी त्यानं वेगळी गोळा केली. आपल्या ओव्यांसाठी झटणाऱ्यांना तो जवळचाच वाटेल. १८१८ साली त्यानं सर्बियन शब्दकोश छापला आणि ‘लांडगा’ या शब्दापुढे आपलं नाव असं का पडलं, तेही लिहून टाकलं.

त्याच कोशात चेटकिणीबद्दलही आहे. गावात पोरं फार मेली, की एखाद्या बाईवर आळ यायचा. तिला बांधून पाण्यात टाकायचे, बुडते का बघायला. म्हणजे बाळाला नावाचं कवच, आणि दोष कुणा शेजारणीच्या माथी. आपल्याकडेही हे घडलेलं आहे. चेटकीण ठरवून बाईला छळणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

प्रत्येक वूकमागे असं दुःख असतंच असं नाही. लांडगा शूर, म्हणूनही नाव ठेवत. चौदाव्या शतकात वुकाशिन नावाचा राजा होता. वूकान, वुकोता ही त्याच घरची नावं, मुलींसाठी वुकोसावा, आणि आडनाव वुकोविच, म्हणजे वूकच्या घरातले. शेजारच्या बल्गेरियात तेच नाव ‘वल्को’ होतं. रशियन लोक लांडग्याला ‘वोल्क’ म्हणतात, आणि संस्कृतात तो ‘वृक’. हे सगळे शब्द एकाच मुळाचे. लांडग्यासारखी भूक म्हणून आपला भीम वृकोदर, तोच हा वृक!

वूक काराजिचची स्वतःची बहुतेक मुलं त्याच्या डोळ्यांदेखत गेली. त्याची मुलगी मीना मात्र जगली, चित्रकार झाली. सर्बियात आजही मुलांची नावं वूक ठेवतात, आवडतं म्हणून.