संगोपनाचे अनुदान आणि कामाचे तास

पंढरपूर येथे १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. निराधार बालकाला सांभाळावयाचे म्हणजे त्यासाठी वेगळी वास्तू उभारावयाची, अशी त्या काळची धारणा होती. मुंबईच्या प्रार्थना समाजाने हे कार्य पुढे नेले आणि सोलापूर जिल्ह्याचे नाव बालकल्याणाच्या इतिहासात नोंदले गेले. आज मात्र शासनाचे धोरण निराळे आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने बालकाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. शक्यतो बालक कुटुंबातच वाढावे, मग ते कुटुंब जन्मदात्यांचे नसले तरी चालेल, हा त्यामागील विचार आहे.

महाराष्ट्रात हा विचार प्रामुख्याने बाल संगोपन योजनेच्या रूपाने घरोघर पोहोचला. आता ही योजना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते. अनाथ किंवा एकच पालक असलेली बालके, दुर्धर आजाराने ग्रासलेल्या किंवा कारागृहात असलेल्या पालकांची बालके अठरा वर्षांपर्यंत तिचा लाभ घेऊ शकतात. अनुदान दरमहा ४२५ रुपये होते, ते ११०० झाले आणि २०२३ मध्ये २२५० रुपयांवर आले. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालकत्व व प्रायोजकत्व यांसाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. प्रतिपालकत्व म्हणजे दत्तकविधान नव्हे. येथे बालकाचे मूळ कुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते तुटत नाही.

हे सर्व परिपत्रकांतून अधिकाऱ्यांना ठाऊक आहे. ज्या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष जात नाही, तो असा : अनुदान बालकाच्या अन्नवस्त्राला व वह्यापुस्तकांना मिळते, परंतु त्याला सांभाळणारी आजी, आत्या किंवा मामी दिवसभर मजुरीवर असेल, तर त्या वेळात बालकाजवळ कोण असते?

सोलापुरात हा प्रश्न विशेष तीव्र आहे, कारण हे श्रमिक स्त्रियांचे शहर आहे. कुंभारी येथे २००६ साली विडी कामगार भगिनींना दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत मिळाली, यावरूनच त्यांच्या संख्येची कल्पना यावी. विडी बहुधा घरी वळली जाते. पाने व तंबाखू आणावयाची, हजाराच्या हिशेबाने विड्या वळावयाच्या आणि त्या पोचवावयाच्या, असा हा क्रम. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना पाळणाघर सक्तीचे केले होते. १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तिसावर आली. २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांवर ही जबाबदारी आहे. पण कायद्याचे पाळणाघर कारखान्याच्या छताखाली असते आणि विडीचे काम तर घराच्या उंबरठ्याआत चालते. घरीच काम असल्याने मूल डोळ्यांसमोर राहते, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. तथापि डोळ्यांसमोर असलेले ते मूल तंबाखूच्या भुकटीतही असते. थोडे मोठे झाले की विड्यांची तोंडे बंद करण्याच्या कामी त्याचे हात लागतात, आणि सांभाळ केलेले मूल असेल तर ‘तेवढा हातभार’ लावणे त्याला अधिकच ओघाने येते. चौदा वर्षांखालील बालकाला विडीच्या कामाला लावण्यास कायद्याने मनाई आहे, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावयास हवे.

या दृष्टीने मिशन शक्तीमधील ‘पाळणा’ योजना उपयुक्त आहे. पूर्वीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचे २०२२ साली हे नवे रूप झाले. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना दिवसाचे साडेसात तास, महिन्यातील सव्वीस दिवस सांभाळण्याची ही व्यवस्था असून ती अंगणवाडीला जोडता येते. खर्चात केंद्राचा वाटा साठ व राज्याचा चाळीस टक्के असतो. नेहमीच्या अंगणवाडीची वेळ मजूर स्त्रीच्या दिवसाला पुरत नाही. पाळण्याची पुष्कळ अंशी पुरते.

अडचण अशी की, बाल संगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो, गृहचौकशी होते, बाल कल्याण समिती आदेश देते आणि रक्कम बँक खात्यात जमा होते. या साखळीत पाळणाघराचा उल्लेख यावाच, असे बंधन नाही. गृहचौकशी करणाऱ्याने घराची स्थिती, उत्पन्न, शाळेचा दाखला पाहिला की काम संपते. सकाळी नऊ ते सायंकाळी सहा मूल कोठे असते, एवढा एकच प्रश्न अहवालात भरला, तर दोन योजना एकमेकींना भेटतील. ग्राम बाल संरक्षण समितीत सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव असतात. कोणाच्या घरी कोणाचे मूल राहते हे या दोघांना कागदपत्रांवाचूनही माहीत असते. अशा बालकांची यादी ग्रामसभेपुढे न वाचता (त्यांची लाज राखली पाहिजे) थेट प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाठविणे इष्ट ठरेल.

सहा वर्षांवरील बालकांचे काय? पाळणा त्यांना घेत नाही आणि शाळा सुटल्यानंतरचे तास मोकळे राहतात. मंगळवेढा, सांगोला या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी मात्र राज्यात हंगामी वसतिगृहाची पद्धत आहे. पालक फडावर, मूल गावी आजी-आजोबांकडे आणि जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत, अशी तिची रचना आहे. तेथे नाते सांभाळते नातेवाईक आणि खर्चाचा भार उचलते शासन. शहरातील विडी व यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत हीच रचना संध्याकाळच्या तीन तासांसाठी वापरता येण्याजोगी आहे. जागा शाळेची असतेच. प्रश्न उरतो तो सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या मानधनाचा, आणि तो महापालिकेच्या अंदाजपत्रकात मांडावयास हवा.