दिव्याचं बटण उशाशी हवं

मैत्रिणींनो, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की रात्री किती हाका येतात, हे सेवा करणारीलाच ठाऊक. "अगं, दिवा लाव." "पंखा बंद कर गं." हाक मारणाऱ्यालाही संकोच वाटतो बरं का! म्हणून कित्येक आज्या अंधारात चाचपडत उठतात, पडतात आणि खुब्याचं हाड मोडून बसतात.

उशाशी बसून घरभरचे दिवे लावण्याची एक युक्ती स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेस गावच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९७५ मध्ये काढली. त्यांचा हा दहावा प्रकल्प, म्हणून नाव 'एक्स-टेन'. १९७८ पासून अमेरिकेतल्या दुकानांत ती मिळू लागली. भिंत फोडायला नको, नवी वायर ओढायला नको. जी वायर वीज आणते, तीच निरोपही नेते. टेबललॅम्पचा प्लग एका डबीत खोचायचा आणि ती डबी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. बटणांची पेटी उशाशी. घराला एक अक्षर, प्रत्येक वस्तूला एक आकडा. १६ अक्षरं आणि १६ आकडे, म्हणजे २५६ पत्ते झाले. "बी-३ चालू" हा निरोप सगळ्याच डब्यांना ऐकू जातो, पण ओ देते ती एकच. चाळीत पोस्टमन खालून नाव पुकारायचा ना, तस्संच!

यात गमतीही होत. शेजाऱ्याने तेच अक्षर निवडलं, तर त्याच्या बटणावर आपला दिवा लागे. टीव्हीसारख्या उपकरणांच्या खरखरीत निरोप हरवून जाई. आणि साध्या डब्या उलट उत्तर देत नसत. दिवा नाही लागला तर डोळ्यांना दिसतं, पण दुसऱ्या खोलीतली इस्त्री खरंच बंद झाली का, हे कोण सांगणार? इस्त्री, शेगडी, हीटर अशा भरवशावर सोडू नयेच.

परदेशातली लेक अशा जुन्या डब्या घेऊन आली, तर लगेच सॉकेटमध्ये घालू नका. अमेरिकेतल्या डब्या १२० व्होल्टच्या, आपल्याकडे २३०. जळून जातील.

आता मोबाईलवर चालणारे वायफायचे प्लग इकडेही मिळतात. पण रात्री दोन वाजता चष्मा शोधून मोबाईल उघडणं आजींना जमेल? मला तरी मोठ्या बटणाची पेटीच बरी वाटते. तेही नको असेल, तर जिन्यात असतो तसा टू-वे स्विच वायरमनकडून पलंगाशी बसवून घ्या. फक्त त्याला बोलावण्याआधी आजींना विचारा, कुठला हात नीट चालतो ते.