घरी केलेली खेळाची पेटी

जत्रेला आपण सगळेच जातो. आम्ही लहान होतो तेव्हा जत्रेत सिनेमाची पेटी येत असे. पेटीला गोल भोके असत. भोकाला डोळा लावायचा. आत चित्रे सरकत आणि बाहेर पेटीवाला गाणे म्हणे. पैसे संपले की भोकावर झाकण पडे. तेव्हा आम्हाला वाटे, या पेटीत काही जादू आहे.

पुढे दुसरी पेटी आली, खेळाची पेटी. तिला लोक व्हिडिओ गेम म्हणत. पेटीत पडदा असे, समोर एक दांडी आणि चार-सहा बटणे. नाणे टाकले की खेळ सुरू. हरलो की पुन्हा नाणे.

१९९४ सालची गोष्ट आहे. आमचा थोरला मुलगा सातवीत होता. त्याने परीक्षेच्या फीचे पैसे अशाच एका पेटीत घालवले. आम्हाला कळले. आम्ही त्याला छडीने मारले. फी दुसऱ्या दिवशी भरली. पण त्या पेटीत असे काय आहे, हे आम्ही त्याला विचारले नाही. आम्ही शिक्षक असून विचारले नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत त्याचा मुलगा आमच्याकडे आला. तो म्हणाला, "आबा, ती पेटी आपण घरीच करू." आम्ही म्हटले, चला, करून पाहू. ती कशी केली, ते आता सांगतो.

पाँगची पहिली पेटीही हातचीच

मोठ्या कारखान्याशिवाय असे काम होत नाही, असे आपल्याला वाटते. ते खरे नाही. १९७२ साली अमेरिकेत अटारी नावाच्या कंपनीत अ‍ॅलन अल्कॉर्न नावाचा एक तरुण इंजिनीयर होता. त्याने दुकानातून साधा काळा-पांढरा टीव्ही आणला. चार फुटांच्या लाकडी पेटीत तो बसवला. खेळ चेंडू टोलवण्याचा होता. त्याचे नाव पाँग. पेटी एका दारूच्या गुत्त्यात ठेवली. काही दिवसांत ती बंद पडली. उघडून पाहतात तो काय? बिघाड काहीच नव्हता. नाण्यांचा डबा काठोकाठ भरला होता!

आपल्याकडेही असे हिकमती लोक होऊन गेले. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठी करून दाखवली. त्या खेळाला त्यांनी शांबरिक खरोलिका असे नाव दिले. १८९२ साली त्याचे प्रयोग सुरू झाले. तेव्हा आपल्याकडे सिनेमा आलाही नव्हता.

लाकडाचे काम

आम्ही आमच्या गावच्या सुतारभाऊंना बोलावले. ते म्हणाले, "गुरुजी, आपला यवतमाळ जिल्हा सागवानाचा. मग प्लायवूड कशाला?" आम्ही म्हटले, "भाऊ, सागवान सोन्याच्या भावाने. आणि रुंद फळी एकसंध मिळायची नाही." त्यांनाही ते पटले.

प्लायवूडची एक शीट ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असते. १८ मिलिमीटर जाडीची घ्यावी. एका शीटमध्ये एवढे तुकडे निघतात:

दोन बाजू, प्रत्येकी साडेचार फूट उंच आणि दीड फूट रुंद.
समोरची फळी, अडीच फूट उंच आणि २ फूट रुंद.
बटणांची फळी, २ फूट बाय १ फूट.
तळाची फळी, २ फूट बाय दीड फूट.
वरचे झाकण आणि कपाळपट्टी, प्रत्येकी २ फूट बाय १ फूट.

उरलेल्या पट्टीतून कोपऱ्याचे ठोकळे काढावेत. करवतीत थोडे लाकूड जाते, म्हणून माप केसभर कमी भरेल, ते धरून चालावे. मागची बाजू पातळ प्लायची करावी आणि स्क्रूने बसवावी. खिळे मारू नयेत. पुढे कधी उघडावी लागली तर स्क्रू निघतो, खिळा निघत नाही.

तळाला इंचभर उंचीचे रबरी पाय लावावेत. आपल्याकडे उधई लागायला वेळ लागत नाही.

आत काय असते

आत तीन मुख्य वस्तू आहेत.

पहिली, पडदा. कॉम्प्युटरचा जुना चपटा मॉनिटर चालतो. दुरुस्तीच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. तो जरासा मागे कलता बसवावा, म्हणजे मान दुखत नाही.

दुसरी, मेंदू. रास्पबेरी पाय नावाचा एक लहानसा कॉम्प्युटर येतो. इंग्लंडमध्ये तो २०१२ साली निघाला. मुलांना कॉम्प्युटर शिकता यावा म्हणून तो केला होता. आकाराने तो पत्त्यांच्या जोडाएवढा असतो. त्याला ५ व्होल्टची वीज पुरते. खेळ एका छोट्या कार्डावर भरून त्यात घालतात. जे खेळ फुकट वाटण्याची परवानगी आहे, तेच घ्यावेत. दुसऱ्याची मेहनत चोरू नये.

तिसरी, दांडी आणि बटणे. बटणाची गंमत आम्हाला फार आवडली. ते दारावरच्या घंटीच्या बटणासारखेच असते. दाबले की दोन तारा जोडल्या जातात. सोडले की तुटतात. बस्स, एवढेच! दांडीच्या बुडाशी अशीच चार बटणे दडलेली असतात: पुढे, मागे, डावे, उजवे. दांडी जिकडे झुकेल त्याच्या उलट बाजूचे बटण दाबले जाते.

प्रत्येक बटणाची एक तार एका छोट्या पट्टीला जाते. दुसरी तार सगळ्यांची मिळून एकच असते. कोणत्या बटणाच्या तारा जुळल्या, हे ती पट्टी कॉम्प्युटरला कळवते. मग कॉम्प्युटर नवे चित्र काढतो. एका सेकंदात तो साधारण ६० चित्रे काढतो. म्हणून आपल्या डोळ्यांना बाहुली चालताना दिसते. जत्रेतल्या पेटीसारखीच ही चित्रांची रांग आहे. जादू काही नाही.

बटणांसाठी ३० मिलिमीटरची भोके पाडावी लागतात. आमच्या घाईमुळे दोन तारा उलट लागल्या. डावीकडे दाबले की बाहुली उजवीकडे जाई! तेव्हा नातवाने कागदाच्या चिठ्ठ्या लिहून प्रत्येक तारेला चिकटवल्या. तुम्ही हे आधीच करा. अक्षर येते ते अशा कामी लावावे.

विजेची काळजी

हे नीट वाचा. दोनदा वाचा.

भिंतीतली वीज २३० व्होल्टची असते. ती जीव घेते. मॉनिटर आणि कॉम्प्युटर त्यांच्या स्वतःच्याच अ‍ॅडॉप्टरवर चालवावेत. उघडी तार पेटीत ठेवू नये. तीन पिनांचा प्लग वापरावा आणि घरात अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून पाहून घ्यावे.

जुना, काचेच्या नळीचा टीव्ही कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्या नळीत हजारो व्होल्टची वीज साठून राहू शकते.

मागच्या प्लायला हवेसाठी भोके ठेवावीत. आपल्या उन्हाळ्यात बंद पेटीतला कॉम्प्युटर तापून बंद पडेल.

शेवटी

पेटी तयार व्हायला बारा दिवस लागले. गल्लीतली पोट्टी रांग लावू लागली. आम्ही नियम केला: पेटीत नाणे नाही, एकाची पाळी दहा मिनिटांची आणि दिवेलागणीला पेटी बंद.

सुटी संपली. मुलगा नातवाला न्यायला आला. पेटीसमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग दांडीवर हात ठेवून खेळू लागला. आम्ही शेजारी उभे राहून म्हटले, "त्या वर्षी आम्ही तुला न विचारता मारले. आमचे चुकले."

तो पडद्याकडे पाहतच म्हणाला, "बाबा, फीचे पैसे मीही घालवायला नको होते."

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदाच हा खेळ खेळलो. मुलाने आम्हाला सहज हरवले.

मंडळी, पोराला एखाद्या गोष्टीचे वेड लागले तर आधी ती गोष्ट उघडून पाहा. आत काय आहे ते कळले की भीती जाते आणि रागही थोडा कमी होतो.

सांगा पाहू:
१. दांडीच्या बुडाशी किती बटणे असतात?
२. मागची प्लाय खिळ्यांनी का ठोकू नये?
३. काचेच्या नळीचा टीव्ही का उघडू नये?