शेजाऱ्याच्या बोटीसाठी झिजणारं मॅग्नेशियम

इंग्लंडच्या कालव्यांवरच्या नॅरोबोटी जेमतेम 6 फूट 10 इंच रुंद असतात, कारण अठराव्या शतकापासूनची तिथली बरीचशी जलद्वारं सुमारे सात फुटांचीच आहेत. आत चूल, पलंग, संडास सगळं मावतं. फोटोत झकास! खरी देखभाल मात्र पाण्याखाली असते.

बोटीचं कवच पोलादी. तळ साधारण 10 मिलिमीटर जाड, बाजू 6. दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून, खरवडून काळा लेप द्यावा लागतो. शिवाय पाण्याखालच्या भागाला मॅग्नेशियमचे ठोकळे जोडतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून आधी तेच झिजतं. पण धक्क्यावरची वीज घेतली, की अर्थिंगच्या तारेतून शेजारपाजारच्या बोटी जोडल्या जातात आणि कालव्याचं पाणी परिपथ पूर्ण करतं. मग तुमचं मॅग्नेशियम शेजाऱ्याचं पोलाद राखत बसतं! त्यावर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावतात. तो ही क्षीण गळती अडवतो, बिघाडाचा मोठा प्रवाह मात्र जाऊ देतो.

परवाना, विमा, चार वर्षांनी सुरक्षातपासणी हे आलंच. कायमचा धक्का भाड्याने न घेणाऱ्यांना सहसा 14 दिवसांत मुक्काम हलवावा लागतो, तोही पाण्याचा नळ आणि संडासाची टाकी रिकामी करायची सोय कुठे आहे ते बघून.